ताण, आधार आणि आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्याचा विषय निघाला की आहार, व्यायाम, औषधं यांवर भरपूर बोललं जातं. माणसाच्या अंगावर किती भार आहे आणि तो वाटून घ्यायला कोण आहे, ही चौकशी सहसा शेवटी होते, झाली तर. या पानावर ती आधी केली आहे. ताण म्हणजे मनाचा कमकुवतपणा आणि आधार म्हणजे गोड बोलणं, असं समजणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण दोन्हींचा माग रक्तवाहिन्यांपर्यंत जातो. आणि समाजात दोन्हींची वाटणी सारखी झालेली नसते.

ताण तर सगळ्यांनाच असतो. त्याने खरंच माणूस आजारी पडतो का?

पडतो. मात्र सगळेच पडत नाहीत, आणि एका दिवसातही पडत नाहीत.

याचा सर्वांत थेट पुरावा साध्या सर्दीतून मिळाला. १९९१ साली शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू असलेले थेंब टाकले. त्याआधी प्रत्येकाच्या आयुष्यातल्या ताणाची मोजदाद करून ठेवली होती. विषाणू सगळ्यांच्या शरीरात गेला, सर्दी मात्र सगळ्यांना झाली नाही. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना ती झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना. वय, धूम्रपान, झोप, व्यायाम हे सगळं हिशेबात धरूनही हा फरक टिकला. याच गटाने पुढे केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ चाललेला ताण, विशेषतः बेकारीचा आणि नात्यांतल्या भांडणांचा, सर्दीची शक्यता वाढवत होता. थोड्या दिवसांत निवळलेल्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाही.

सर्दी किरकोळ वाटत असेल तर हृदयाकडे पाहू. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात ५२ देशांतले हृदयविकाराचा पहिला झटका आलेले ११ हजारांहून अधिक रुग्ण आणि तुलनेसाठी १३ हजारांहून अधिक इतर लोक होते. कामाचा, घरचा आणि पैशांचा ताण रुग्णांनी जास्त नोंदवला. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत, बायकांत आणि पुरुषांत हेच चित्र होतं. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: हे प्रश्न झटका येऊन गेल्यावर विचारले होते, आणि आजारी माणूस मागच्या वर्षाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तरीही इतक्या देशांत दिसलेली एकच दिशा सहज झटकता येत नाही.

शरीरात नेमकं काय होतं?

धोका जाणवला की दोन यंत्रणा कामाला लागतात. पहिली क्षणात सुरू होते. मज्जासंस्था इशारा देते, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, स्नायूंकडे रक्त वळतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला 'लढा किंवा पळा' अशी तयारी म्हटलं. दुसरी यंत्रणा थोडी सावकाश चालते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरी अॅड्रिनलला निरोप धाडते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येतं. ते साखर उपलब्ध करून देतं, दाह आवरतं, आणि पचन, प्रजनन अशी थांबू शकणारी कामं मागे ढकलतं. धोका टळला की मेंदू कॉर्टिसॉलची वाढलेली पातळी ओळखतो आणि साखळी आपोआप थांबवतो.

आणीबाणीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. तीच रोज सुरू राहिली तर घोटाळा होतो. १९३६ साली हान्स सेलिए यांनी प्राण्यांवरचे प्रयोग मांडले: थंडी असो, जखम असो की विष, कारण कोणतंही असलं तरी शरीर एकाच साच्यातली प्रतिक्रिया देतं, आणि ती लांबली तर ग्रंथी सुजतात, जठरात व्रण होतात. १९९३ साली ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलार यांनी या साचत जाणाऱ्या झिजेला नाव दिलं, 'अॅलोस्टॅटिक लोड'. म्हणजे जुळवून घेत राहण्याची शरीराने चुकवलेली किंमत. रक्तदाब चढा राहतो, पोटाभोवती चरबी जमते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, झोप तुटते. कॉर्टिसॉलचा मारा सतत होत राहिला तर रोगप्रतिकारक पेशी त्याचं ऐकेनाशा होतात आणि मंद दाह धुमसत राहतो. मधुमेह, हृदयविकार, नैराश्य यांची वाट इथूनच जाते.

वाट आणखी एका बाजूनेही जाते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ताणाखाली माणूस कमी झोपतो, जास्त धूम्रपान किंवा मद्यपान करतो, गोळ्या घ्यायला विसरतो, तपासणी पुढे ढकलतो. संप्रेरकांइतकंच नुकसान या रोजच्या गोष्टी करतात.

थोडा ताण चांगला असतो, हे खरं का?

खरं आहे, तीन अटींवर: तो थोडा वेळ टिकावा, त्यात आपल्या हातात काही असावं, आणि नंतर विश्रांती मिळावी. परीक्षा, स्पर्धा, नवं काम यांत बहुधा हे तिन्ही असतं. न फिटणारं कर्ज किंवा रोजचा अपमान यांत यांपैकी एकही नसतं. अशा माणसाला 'ताण चांगला असतो' असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

ताण मोजता येतो का? रक्ततपासणी आहे का?

एकच आकडा देणारी खात्रीची तपासणी नाही. कॉर्टिसॉल दिवसभर चढउतार करतं. सकाळी जागं झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात ते सर्वांत वर असतं आणि रात्री खाली येतं. त्यामुळे एका नमुन्यावरून 'तुम्हाला इतका ताण आहे' असं सांगता येत नाही. ही तपासणी डॉक्टर मुख्यतः ग्रंथींच्या आजारांसाठी करतात. ताण मोजण्यासाठी ती पैसे भरून करून घेण्यात अर्थ नाही.

संशोधक प्रश्नावली वापरतात. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घटस्फोटाला ७३, आणि लग्नालाही ५०. पुढे लक्षात आलं की घटना तीच असली तरी भार सारखा नसतो. म्हणून १९८३ साली कोहेन यांच्या गटाने वेगळी प्रश्नावली बनवली. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर चालल्यासारखं किती वेळा वाटलं, अडचणींचा डोंगर झाला असं किती वेळा वाटलं, असे तिचे प्रश्न आहेत. ती आजही जगभर वापरली जाते.

जुन्या यादीत एक मोठी पोकळी होती. ती घडून गेलेल्या घटना मोजायची. कित्येकांचा ताण ही घटना नसतेच, ती त्यांची रोजची परिस्थिती असते.

'सामाजिक आधार' म्हणजे नक्की काय?

ओळखीपाळखीची संख्या म्हणजे आधार नव्हे. आधाराची रूपं निरनिराळी. कुणी ऐकून घेतं, धीर देतं. कुणी प्रत्यक्ष हातभार लावतं: पैसे, वाहन, मूल सांभाळणं, दवाखान्यात सोबत येणं. कुणी उपयोगी माहिती देतं. आणि कुणी आपण बरोबर चाललो आहोत की नाही हे खरेपणाने सांगतं. ज्याला हातभार हवा आहे त्याला नुसता धीर दिला तर तो आणखी एकटा पडतो. उलटही खरं: दुःखात ज्याला फक्त कुणीतरी जवळ बसायला हवं आहे, त्याच्यापुढे दहा उपाय ठेवले तर तो बोलणंच बंद करतो.

संशोधनात एक बाब पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीपेक्षा 'वेळ आली तर माणसं उभी राहतील' हा विश्वास आरोग्याशी जास्त घट्ट जोडलेला असतो. मदत घेताना मिंधेपणा येऊ शकतो, आपण असमर्थ आहोत असं वाटू शकतं. विश्वासाला ती किंमत नसते. पण तो हवेत तयार होत नाही, आधी कधीतरी कुणीतरी खरोखर उभं राहिलेलं असावं लागतं.

आधारामुळे आयुष्य वाढतं, याला पुरावा आहे का?

आहे, आणि भक्कम आहे. तो किती दूरपर्यंत जातो हेही सांगितलं पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत ६,९२८ प्रौढांचा नऊ वर्षं पाठपुरावा केला गेला. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. जोडीदार, नातेवाईक, मित्र, संघटना अशी नाती सर्वांत कमी असलेल्यांचा मृत्युदर सर्वांत जास्त नाती असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट होता. सुरुवातीची तब्येत, धूम्रपान, वजन यांचा हिशेब केल्यावर फरक कमी झाला, पुसला गेला नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड यांनी १४८ अभ्यास एकत्र केले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक निघाली.

आता दुसरी बाजू. आजारी माणूसच लोकांपासून दूर जातो, हेही होतं. म्हणून प्रश्न उरतो: बाहेरून आधार दिला तर आयुष्य वाढतं का? इथे उत्तर अवघड होतं. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास मांडला. आधारगटात जाणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या होत्या आणि जगभर आशा पालवली. २००१ साली २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. वेदना आणि मानसिक त्रास मात्र कमी झाला, विशेषतः ज्यांना तो आधी जास्त होता त्यांचा. २००३ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि नैराश्य असलेल्या किंवा आधार कमी असलेल्या २,४८१ रुग्णांवरचा मोठा अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध झाला. समुपदेशनाने नैराश्य कमी झालं, आधार थोडा वाढला, पण पुढचे झटके आणि मृत्यू घटले नाहीत.

यावरून 'आधार निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणं चूक. अनेक वर्षांत विणलेल्या नात्यांची जागा काही महिन्यांची सत्रं घेऊ शकत नाहीत, असा माझा यातून अर्थ. आणि वेदना कमी होणं ही काही छोटी कमाई नाही. पण 'आधारगटात जा, कर्करोग बरा होईल' असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. उपचार सोडू नका.

आधार शरीरात कसा पोहोचतो?

एक मार्ग थेट आहे. २००६ साली जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि पायाला विजेचा सौम्य झटका बसू शकतो अशी सूचना दिली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया उतरली. अनोळखी माणसाच्या हातानेही ती उतरली, थोडी कमी. आणि ज्यांचं सहजीवन अधिक समाधानाचं होतं त्यांच्यात परिणाम अधिक ठळक होता. संकट तेवढंच असलं तरी सोबत असताना मेंदूला ते लहान दिसतं.

दुसरा मार्ग रोजच्या व्यवहाराचा. कुणी घरी वाट पाहत असतं म्हणून माणूस वेळेवर परततो. कुणी म्हणतं म्हणून गाठ दाखवायला जातो. तिसरा मार्ग म्हणजे ताणाचा धक्का मधल्या मधे शोषून घेणं. म्हणजे आधाराचा खरा उपयोग कठीण काळात दिसतो. सुखाच्या दिवसांत तो असून नसल्यासारखा वाटतो, म्हणून त्याची जपणूक राहून जाते.

माणसांनी भरलेल्या घरात राहूनही एकटं वाटतं. हे विचित्र आहे का?

मुळीच नाही. एकटं राहणं आणि एकाकी वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा आरोग्यावर आपापला परिणाम होतो. ही काही श्रीमंत देशांचीच व्यथा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सहापैकी एका माणसाला एकाकीपणा भेडसावतो. कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के आहे, जास्त उत्पन्नाच्या देशांत सुमारे ११ टक्के. गरीब समाजात माणसं एकमेकांना धरून असतात म्हणून तिथे एकाकीपणा नसतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

मोठ्या पदावरच्यांना ताण जास्त, म्हणून आजारही जास्त, असं असतं ना?

नेमकं उलट. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात सुमारे १८ हजार सरकारी नोकरदार पुरुष होते. दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. कुणी बेकार नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं, तरी प्रत्येक पायरी उतरताना आरोग्य उतरत गेलं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत १०,३०८ स्त्रीपुरुष घेतले. ज्यांना आपल्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त आढळला.

वरिष्ठालाही ताण असतोच. पण त्याला बैठकीची वेळ बदलता येते, काम दुसऱ्याकडे सोपवता येतं, रजा घेता येते. खालच्याच्या वाट्याला तेवढंच काम येतं आणि हातात काही नसतं. माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि 'ताण कमी करण्याच्या कार्यशाळा' घेणाऱ्या कचेऱ्यांना तो नकोसा वाटतो. श्वसनाचे व्यायाम शिकवणं स्वस्त असतं. कामाचे तास आणि निर्णयाचा अधिकार बदलणं महाग पडतं.

भेदभावाचा शरीरावर परिणाम होतो का, की तो मनाला लागणं एवढंच?

होतो. अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस यांना १९९२ च्या सुमारास एक कोडं पडलं. गोऱ्या स्त्रियांत किशोरवयापेक्षा विशीतलं बाळंतपण बाळासाठी सुरक्षित असतं. कृष्णवर्णीय स्त्रियांत वय वाढलं तसा हा फायदा दिसेना, उलट धोका वाढत होता. त्यांनी मांडणी केली की सततच्या अन्यायाशी झुंजताना शरीर लवकर जुनं होतं. २००६ साली त्यांच्या गटाने रक्तदाब, साखर, दाह अशा खुणा एकत्र मोजल्या. सर्वांत जास्त झीज कृष्णवर्णीय स्त्रियांत दिसली, आणि गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियाही गरीब गोऱ्या स्त्रियांच्या वर होत्या. केवळ गरिबीने हे समजावता येत नाही.

इथे मोठ्या घटना मोजून भागत नाही. १९९७ साली डेव्हिड विल्यम्स यांनी रोजच्या भेदभावाची प्रश्नावली मांडली: लोक तुमच्याशी कमी आदराने वागतात का, दुकानात तुम्हाला कमी दर्जाची सेवा मिळते का, तुम्ही हुशार नाही असं गृहीत धरतात का. एकेक प्रसंग बारीक आहे. पण माणूस पुढच्या प्रसंगासाठी सतत सावध राहतो, आणि ती सावधगिरीच शरीराला थकवते.

जास्त कष्ट करून वर येणं हा यावर उतारा आहे, असं म्हणणाऱ्यांनी शर्मन जेम्स यांचं काम पाहावं. साधनं तोकडी असताना जे जिद्दीने, एकट्याच्या बळावर झुंजत राहिले, अशा कृष्णवर्णीय पुरुषांत त्यांना रक्तदाब जास्त आढळला. जिद्दीचं कौतुक जरूर करा, पण तिची किंमत कोण भरतं तेही पाहा.

देश किंवा प्रांत सोडून गेलेल्यांचं काय होतं?

दोन गोष्टी एकाच वेळी होतात. नवी भाषा, अनिश्चित कागदपत्रं, खालच्या दर्जाची कामं यांचा भार वाढतो. सोबत नेलेली नाती मात्र त्यांना राखतात, टिकली तर.

१९७६ साली मायकल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास मांडला. ज्यांनी जपानी समाजाची घट्ट वीण राखली होती त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी होता. जे त्या वीणेतून पूर्ण बाहेर पडले होते त्यांच्यात तो तीन ते पाच पट. आहार, धूम्रपान, रक्तदाब यांनी हा फरक पुरेसा समजावला नाही. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांबद्दलही १९८६ पासून अशीच चर्चा चालू आहे: उत्पन्न कमी, विमा कमी, तरी मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमी. यामागे कुटुंबाचा आधार आहेच, पण धूम्रपान कमी असणं आणि मुळात तब्येतीने धडधाकट माणसंच स्थलांतर करणं हीही कारणं आहेत. पिढ्या बदलतात तसा हा फायदा ओसरतो.

नव्या ठिकाणी मिसळून जाणं म्हणजे जुनं सोडणं, असा सल्ला स्थलांतरितांना सर्रास दिला जातो. आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर तो सल्ला धोक्याचा आहे.

मनातलं मोकळेपणाने बोलणं हा सगळ्यांसाठीच उपाय आहे का?

नाही, आणि हे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी तरी ओळखावं. शेली टेलर, हीजंग किम आणि डेव्हिड शर्मन यांनी दाखवलं की आशियाई वंशाच्या लोकांना अडचण सांगून मदत मागायला लावलं की त्यांचा ताण वाढतो. जवळच्या माणसांची नुसती आठवण, त्यांच्यातलं आपलं स्थान मनात आणणं याने तो उतरतो. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत बरोबर उलट झालं. जिथे 'माझ्यामुळे घरच्यांना त्रास नको' हा विचार खोल रुजलेला असतो, तिथे मदत मागणं हाच एक ताण असतो. अशा माणसाला 'बोल, बोल' म्हणून टोचण्यापेक्षा त्याच्यासोबत काम करत बसणं, फिरायला नेणं, न विचारता एखादी जबाबदारी उचलणं जास्त उपयोगी. त्याच समाजात बोलून मोकळी होणारी माणसंही असतात, हे सांगायला नकोच.

आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याच्या तब्येतीवर परिणाम होतो का?

या प्रश्नावर मला थांबावंसं वाटतं, कारण ही माणसं दवाखान्यात रोज येतात आणि त्यांची तपासणी कुणीच करत नाही.

१९९५ साली जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर एक छोटी, सारखी जखम केली. जबाबदारी नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, काळजी घेणाऱ्यांची सुमारे ४९ दिवसांत. त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं की अशा माणसांमध्ये फ्लूची लसही कमी परिणाम करते. १९९९ साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ती झेपेनाशी झाली होती त्यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. जे शुश्रूषा करत होते पण ज्यांना तिचा भार वाटत नव्हता त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही.

म्हणजे सेवा स्वतः घातक नाही. २००३ साली स्टेफनी ब्राउन यांना ४२३ वृद्ध जोडप्यांत दिसलं की इतरांना मदत करणारे पाच वर्षांत कमी दगावले. दुसऱ्याच्या उपयोगी पडणं माणसाला तारतं. एकट्याने, विश्रांतीविना, पर्याय नसताना उपयोगी पडत राहणं माणसाला झिजवतं. आणि समाजात हे एकट्याने करण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायकांकडेच येतं. कुटुंबाचा आधार भक्कम आहे असं आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या घरातल्या कोणत्या एका व्यक्तीच्या पाठीवर तो उभा आहे हे विचारून घ्यावं. तिला आठवड्यातून ठरलेली सुट्टी द्या. 'काही लागलं तर सांग' असं म्हणू नका, ती सांगणार नाही. अमुक वारी अमुक वेळात मी बसेन, असं ठरवून सांगा.

नात्यांचाच त्रास होत असेल तर?

मग ती नाती आधारात मोजू नका. २००५ साली विवाहित जोडप्यांवर जखमेचा असाच प्रयोग झाला. एकमेकांशी कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सावकाश भरल्या, इतरांच्या वेगाच्या सुमारे ६० टक्केच वेगाने. 'लग्न केलं की तब्येत सुधारते' हे विधान त्यामुळे अर्धवट आहे. मारहाण किंवा धमक्या असतील तर हा ताण हाताळण्याचा विषय नाही, सुरक्षिततेचा आहे.

फोनवरची, इंटरनेटवरची मैत्री चालते का?

चालते, विशेषतः दुर्मीळ आजार असलेल्यांना, अपंगांना, आणि जवळच्या लोकांत आपली ओळख लपवावी लागणाऱ्यांना. तिथे बोलणं होतं की नुसतं दुसऱ्यांचं पाहत बसणं होतं, यावर बरंच अवलंबून आहे. दवाखान्यात सोबत यायला मात्र कुणीतरी जवळ लागतंच.

कुणी अडचणीत असेल तर काय बोलावं?

'ताण घेऊ नकोस' हे वाक्य टाळा. ताण त्याने घेतलेला नाही, तो त्याच्यावर पडला आहे. 'सगळं ठीक होईल' हेही टाळा, तुम्हाला ते माहीत नसतं. 'तुला आत्ता ऐकणारं कुणी हवंय की काही करायला हवंय?' असं विचारणं जवळजवळ नेहमी बरं. आणि मदतीचा गाजावाजा करू नका. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या जोडीदारांच्या रोजनिशा तपासल्या तेव्हा दिसलं की ज्या दिवशी एकाने मदत केली पण दुसऱ्याच्या ती लक्षातही आली नाही, त्या दिवशी तिचा फायदा सर्वांत जास्त झाला.

मला खरंच कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

जिवलग मित्र शोधायला निघू नका, तसे तो सापडत नाही. आठवड्यातून ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटतील अशी एक जागा धरा: वाचनालय, एखादा वर्ग, स्वयंसेवी काम, आपल्याच आजाराच्या रुग्णांचा गट. पहिले काही आठवडे परकं वाटेल. सर्दीच्या प्रयोगांपैकी १९९७ च्या प्रयोगात संरक्षण मिळालं ते नात्यांच्या विविधतेतून: सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत एक ते तीन प्रकारची नाती असलेल्यांना सर्दीचा धोका चौपटीहून जास्त होता. शेजारी, सहकारी, सोबतचे स्वयंसेवक हेही त्यात धरले जातात. एक जुना, तुटलेला संपर्क पुन्हा जोडणं नवा जोडण्यापेक्षा बहुधा सोपं असतं.

जगणं नको वाटत असेल तर मात्र गट शोधत बसू नका. आज, आत्ता जवळच्या माणसाला किंवा आपत्कालीन सेवेला सांगा.

हे सगळं व्यक्तीनेच करायचं का? समाज आणि सरकार काय करू शकतं?

बरंच काही. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ अगदी मोजके आहेत. तिथे २००६ साली हरारेमध्ये डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि परिसरातल्या ज्येष्ठ आरोग्यसेविकांना, म्हणजे बहुतेक आज्यांना, अडचण सोडवण्याची सोपी पद्धत शिकवली. २०१६ साली ५७३ जणांवरच्या नियंत्रित प्रयोगात सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची मानसिक त्रासाची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. त्या आज्यांना लोकांची भाषा, घरं आणि अडचणी ठाऊक होत्या. म्हणून मला वाटतं, ही योजना दुसरीकडे न्यायची तर बाक नेऊन भागणार नाही, तिथली विश्वासाची माणसं शोधावी लागतील.

भार कमी करण्याचाही पुरावा आहे. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमात अतिगरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. दहा ते पंधरा वर्षांनी त्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह कमी आढळला. त्यांना आहाराचा सल्ला कुणी दिला नव्हता, पत्ता बदलला होता.

डॉक्टरांना यातलं काय सांगू? ते हसतील का?

हसू नयेत. तरी वेळ कमी असतो, म्हणून मोजकं आणि ठोस सांगा. किती महिन्यांपासून काय चाललं आहे, झोप किती तास लागते, गोळ्या कधी चुकतात आणि का, घरी कुणाची काळजी तुमच्यावर आहे, तपासणीला सोबत कोण येऊ शकतं. 'ताण आहे' एवढंच म्हटलं तर झोपेची गोळी हातात पडण्याची शक्यता जास्त. 'रात्री आईला तीनदा उठवावं लागतं, म्हणून सकाळची गोळी राहते' असं सांगितलं तर गोळीची वेळ बदलता येते. छातीत दुखणं, धाप, वजन घटणं यांना मात्र स्वतःहून ताणाचं लेबल लावू नका आणि कुणी न तपासता लावलं तर मान्य करू नका. विशेषतः बायकांच्या छातीतल्या दुखण्याला 'टेन्शन' म्हणून घरी पाठवलं जातं. तेव्हा ईसीजी काढून मागा.